बेघरांना निवारा हवाच, पण आधी भाड्याची खाट हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात आमच्या लालबाग-परळ भागातल्या एका गृहस्थांनी फुटपाथवर आणि उड्डाणपुलाखाली झोपणाऱ्यांबद्दल लिहिलं होतं. ही माणसं आली कुठून आणि नेमकी इथेच का, हा त्यांचा सवाल. आणि पुलाखाली जाळ्या ठोकून कुंड्या ठेवाव्यात, हा उपाय. सवाल रास्त आहे. संध्याकाळी बाजारातून येताना मलाही फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरावं लागतं आणि माझ्या गुडघ्यांना ते परवडत नाही. उपाय मात्र पटला नाही. मी याच भागात जन्मले, पालिकेच्या मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाले, आणि २०११ च्या जनगणनेत बेघरांची नोंद करण्याचं काम माझ्या वाट्याला आलं होतं. तेव्हा त्या सवालाचं थोडंफार उत्तर माझ्यापाशी आहे.

जाळ्यांचं आधी उरकते. माटुंग्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली बाग झाली. चांगली झाली, मीही तिथे फेऱ्या मारल्या आहेत. पण एका पुलाखालून उठवलेला माणूस मुंबई सोडत नाही, तो पुढचा पूल गाठतो. १९८१ च्या जुलैत, भर पावसात, मुख्यमंत्री अंतुले यांच्या सरकारने फुटपाथवरच्या झोपड्या मोडून माणसांना गावी धाडायचा घाट घातला होता. त्यावरून पत्रकार ओल्गा टेलिस यांचा खटला उभा राहिला आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात पोट भरायचा हक्क येतो. फुटपाथ अडवून राहायचा हक्क मात्र कुणाला नाही, हेही त्याच निकालात आहे. बेघरांच्या बाजूने बोलणारे हा भाग गाळून सांगतात. मला त्या निकालातली तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ही माणसं कामाच्या जवळचा फुटपाथ धरतात, कारण लांबून ये-जा करायचा वेळ आणि पैसा दोन्ही त्यांच्याकडे नसतं, असं न्यायालयाने नोंदवून ठेवलं आहे. चाळीस वर्षं होऊन गेली. तेव्हापासून बेघरांसाठी जे काही झालं ते ही नोंद वाचून झालं असतं, तर आज मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

माझं म्हणणं असं आहे. मुंबईत आलेल्या गरिबाला घर नसणं ही काही नवलाई नाही, ते कधीच नव्हतं. पण पूर्वी त्याला महिन्याच्या भाड्याने पाठ टेकायला जागा मिळायची. ती सोय शहराने मोडीत काढली, तिच्या जागी दुसरी आणली नाही, आणि माणूस फुटपाथवर आला.

माझी आई खाणावळ चालवायची. दहा बाय बाराची आमची खोली, आणि शेजारच्या गाळ्यात सातारा-कोरेगावकडचे वीसेक सडे. सगळे गिरणीत. गाळ्याच्या भिंतीला ओळीने खुंट्या, प्रत्येक खुंटीवर खडूने नाव. खाली पत्र्याच्या ट्रंका एकावर एक. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रातपाळीवाला येऊन त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. उन्हाळ्यात अर्धे गॅलरीत, अर्धे खाली रस्त्यावर बाजल्यांवर. आई पगाराच्या दिवशी वहीत हिशेब मांडायची. संप असला की वही नुसती भरत जायची. गावाकडची पत्रं आमच्या पत्त्यावर यायची, 'द्वारा' म्हणून आईचं नाव घालून. आईला लिहिता-वाचता बेताचंच यायचं, पण ते 'द्वारा' तिला लांबून ओळखू यायचं.

त्या गाळ्याचं गुणगान मला करायचं नाही. वीस माणसांत एक मोरी. कुणाला खोकला लागला की सगळे त्याच्यापासून अंतर ठेवत आणि काही महिन्यांनी तो खोकला दुसऱ्या कोपऱ्यातून ऐकू येई. क्षयाने गेलेली माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. तरीही त्या प्रत्येकाला एक खुंटी होती, एक ट्रंक होती, ताटावर बसायची वेळ होती आणि पत्ता होता. आजारी पडला तर कोणीतरी गावी निरोप धाडायचं. आज आमच्या पुलाखाली झोपणाऱ्याकडे यातलं एकही नाही. आणि मिळकतीच्या हिशेबात तो आईच्या गाळेकऱ्यांपेक्षा फार खालचा आहे असंही नाही.

ही व्यवस्था सरकारने उभारली नव्हती. कोकणातल्या कितीतरी गावांच्या मुंबईत खोल्या होत्या. ग्रामस्थ मंडळाच्या नावावर, वर्गणीतून चालणाऱ्या. गावातून कोणी नोकरीच्या शोधात आला की तिथे उतरायचा. त्यांच्या मासिक सभांतली भांडणं आमच्या चाळीला पाठ होती. गोवेकरांनी तर ही गोष्ट शिस्तीत बसवली. धोबीतलाव, माझगाव भागात त्यांचे 'कूड' असत, बोलताना लोक क्लबच म्हणतात. एकेका गावाचा एकेक क्लब, बोटीवर जाणाऱ्या खलाशांसाठी, खानसाम्यांसाठी. महिन्याची किरकोळ वर्गणी, सामान ठेवायला पेटी, झोपायला चटई किंवा खाट, आणि संध्याकाळी आल्तारासमोर तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. बोट लागली की माणूस जायचा, परत आला की पेटी जागेवर असायची. एके काळी असे क्लब मुंबईत शेकड्यांनी होते. धोबीतलावाच्या जेर महालात काही अजून चालू आहेत.

आणि गिरणगावातल्या खाणावळवाल्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र आणलं, सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेची कर्जं मिळवून दिली. हजारो कामगारांचं मुंबईतलं राहणं या बायकांच्या चुलीवर उभं होतं, हे तेव्हा कुठल्या गृहनिर्माण धोरणात लिहिलेलं नव्हतं. आजही नाही.

हे सगळं मोडलं कसं? एका घावात नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले, आणि गाळे हळूहळू रिकामे होत गेले. आईची वही त्या वर्षी जी भरली ती कधी कोरी झालीच नाही. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर काय उभं राहिलं ते मान वर केली की दिसतं. भाड्याच्या घरांचं तर आधीच वाजलं होतं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. भाडेकरू वाचला, पण भाड्यासाठी नवी चाळ बांधायचं कुणी मनात आणेना, आणि जुन्या चाळीची गळती काढायला मालक फिरकेना. १९९९ चा नवा कायदा आला तोवर भाड्याची चाळ बांधणारी जातच संपली होती. 'आत घेतला की निघणार नाही' ही धास्ती मालकांच्या मनात बसली ती बसलीच. २०११ च्या जनगणनेत मुंबईत साधारण ४ लाख ८० हजार घरं रिकामी निघाली. याच मोजणीत शहर-उपनगर मिळून बेघर निघाले साधारण ५७ हजार. मी असं म्हणत नाही की त्या कुलूपबंद फ्लॅटांत यांना नेऊन बसवा. पण घरांचा तुटवडा आहे असं जेव्हा बिल्डर म्हणतो, तेव्हा कोणत्या घरांचा, हे त्याला विचारायला हवं.

शेवटचा घाव पुनर्विकासाचा. यावर फारसं कोणी बोलत नाही. बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरं मिळतायत, मला मनापासून आनंद आहे. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांचं आयुष्य त्या खोल्यांत गेलं. पण पुनर्विकासाच्या यादीत भाडेकरूचं नाव असतं, झोपडपट्टीत पात्रतेची तारीख असते. पोटमाळ्यावर झोपणारा, गॅलरीत वळकटी टाकणारा, दुकानाच्या फळीवर रात्र काढणारा कुठल्याच यादीत नसतो. इमारत पाडताना तो तेवढा निघून जातो. त्याचं संक्रमण शिबिर म्हणजे फुटपाथ. आणि नव्या टॉवरमध्ये सोसायटीचा पहिला ठराव असतो तो बॅचलर भाडेकरू ठेवायचा नाही, हा. जुन्या चाळीत ज्यांच्या वडिलांनी चार पुतणे, दोन गाववाले सांभाळले, तेच हात वर करून हा ठराव पास करतात.

आता त्या नोंदीबद्दल. जनगणनेतली माहिती गोपनीय असते, म्हणून नाव-गाव सांगत नाही आणि जागाही सांगत नाही. बेघरांची नोंद करायची रात्र होती २८ फेब्रुवारी २०११. आदल्या दिवशी विश्वचषकातला भारत-इंग्लंड सामना बरोबरीत सुटला होता. मला वाटलं होतं की रात्रीचं उठवून प्रश्न विचारले तर माणसं खेकसतील. पण माणसं जागी होती आणि त्यांना झहीरच्या गोलंदाजीवर बोलायचं होतं.

अर्जात कुटुंबाचे तीन प्रकार : सामान्य, संस्थात्मक, बेघर. एकदा 'बेघर' लिहिलं की पुढचे रकाने मात्र सगळ्यांना सारखेच. कामावर जाता का? किती किलोमीटर? कशाने जाता? त्या रात्री मी भरलेल्या नोंदींत जवळजवळ सगळे कामावर जाणारे होते. हातगाडी ओढणारे, बाजारात पाटी घेऊन फिरणारे, दारुखाना बंदराकडे भंगार फोडणारे, नाक्यावर बिगारी म्हणून उभे राहणारे, घरकाम करणाऱ्या बायका. अंतराच्या रकान्यात एक, फार तर दोन. 'कशाने' या रकान्यात 'पायी'. पुन्हा 'पायी'. पत्रलेखकांच्या 'इथेच का' या सवालाचं उत्तर भारत सरकारच्या छापील अर्जात माझ्याच हाताने लिहिलेलं आहे.

एका बाईला मी विचारलं की गावचं रेशनकार्ड आहे का. तिने झोपलेल्या पोराच्या डोक्याखालची उशी अलगद काढली, दातांनी एका बाजूची शिवण उसवली आणि आतल्या चिंध्यांतून प्लास्टिकची पिशवी बाहेर काढली. त्यात कार्ड, पोराचा जन्मदाखला, लसीकरणाचा कागद, नवऱ्याचा एक फोटो. मराठवाड्यातलं कार्ड होतं. उशीत का ठेवलंस, म्हटलं. ती म्हणाली, पालिकेची गाडी आली की गाठोडी, भांडी सगळं उचलून फेकते; पण पोराला उचलताना मी उशीसकट उचलते. मी अर्ज भरेपर्यंत तिने सुईदोरा काढून उशी परत शिवायला घेतली होती.

कागद गेला की माणूस नव्याने बेघर होतो, हे मला तिथे कळलं. पत्ता नाही म्हणून कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून धान्य नाही, आणि धान्य विकत घेण्यात कमाई जाते म्हणून डिपॉझिट कधी साठत नाही. आता कुठल्याही राज्यातलं कार्ड इथे चालतं ही चांगली सोय झाली, पण कार्ड उशीत शाबूत राहिलं तर. फुटपाथवर राहणं फुकट असतं असा एक समज आहे. चार माणसांच्या कुटुंबाने सकाळ-संध्याकाळ पैसे देऊन संडास वापरायचा, बाईने एका बाजूला आंघोळीचे वेगळे द्यायचे, चूल नसेल तर दोन्ही वेळचं विकत खायचं, असा महिन्याचा हिशेब वहीत मांडून पाहा. वस्तीतल्या खोलीचं भाडं त्यात निघेल कदाचित. पण पंचवीस-पन्नास हजारांचं एकरकमी डिपॉझिट निघणार नाही. ती रक्कम साठवायला ट्रंक लागते.

अर्जातला आणखी एक रकाना मला अजून खुपतो. गाव का सोडलं? पर्याय दिलेले : काम, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतर स्थलांतर, कुटुंबासोबत स्थलांतर, इतर. आजारपण नाही. परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपास, जेरबाई वाडिया रस्त्यावर फुटपाथवर दिवस काढणाऱ्यांना यात कुठे बसवायचं? 'इतर'. तोंडाच्या कॅन्सरला रेडिएशन सुरू झालं की आठवड्याचे पाच दिवस, सहा-सात आठवडे रोज जावं लागतं. बिहारहून, बंगालहून, आपल्या विदर्भातून आलेला माणूस मधे घरी कसा जाणार? लॉजचं भाडं पहिल्या पंधरा दिवसांत जमीन गहाण टाकायला लावतं. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा म्हणजे या लोकांचा मोठा आधार. स्वतः झाडाखाली राहणाऱ्या त्या माणसाने दुसऱ्यांसाठी किती छपरं उभी केली! पण एक धर्मशाळा किती पुरणार? २०२१ साली आमच्याच भागातल्या म्हाडाच्या शंभर सदनिका टाटाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी द्यायचं ठरलं. रहिवाशांनी तक्रार केली, निर्णयाला स्थगिती मिळाली, आणि मग भोईवाड्यात बॉम्बे डाइंगच्या आवारातली शंभर घरं देण्याचं ठरलं. घरं मिळाली हे महत्त्वाचं. पण त्या आठवड्यात आमच्या गल्लीत जे बोलणं कानावर आलं ते लिहिण्यासारखं नाही. कॅन्सर पसरत नाही हे मी सहावीच्या मुलांना शिकवत असे.

दुष्काळ, नापिकी, घरातून काढलेली म्हातारी माणसं, मनाच्या आजाराने वाट चुकलेले, नवऱ्याच्या माराला कंटाळून निघालेल्या बायका, ही कारणं आहेतच आणि वाचकांना माहीत आहेत. पारधी समाजाची वेगळीच कथा. त्यांना वस्तीत भाड्याने खोली द्यायलाच कोणी तयार नसतं, पैसे असले तरी. ठाण्याला तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा चालते, तिथली बहुतेक मुलं याच समाजाची. शाळा पुलाखाली गेली म्हणून मुलं शिकली. निवाऱ्यांनाही हेच लागू आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नियम ठरला आहे : शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास, बाराही महिने चालणारा एक निवारा. केंद्राच्या योजनेत माणशी ५० चौरस फूट जागाही सांगितली आहे. मुंबईची २०११ ची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. म्हणजे निवारे हवेत सव्वाशेच्या घरात. प्रत्यक्षात त्याच्या चौथाईसुद्धा नाहीत. पण समजा उद्या सव्वाशे झाले आणि शहरात जिथे कुठे जागा पडून आहे तिथे झाले, तर ते रिकामे राहतील आणि मग 'बघा, यांना फुटपाथच आवडतो' असं म्हणायला आपण मोकळे. पहाटे तीनला दादरच्या फूलबाजारात पाटी उचलायची असेल तर मानखुर्दचा निवारा त्या माणसाला काय कामाचा? नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मोठा मुलगा तिसरीकडे, अशी वाटणी करणारा निवारा कुठलं कुटुंब पत्करेल? आणि सामान ठेवायला कुलपाची पेटी नसेल, तर माणूस झोपणार कसा?

म्हणून मी खाट म्हणते. बाजार, मजूरनाके, रेल्वेचे मालधक्के, मोठी रुग्णालयं यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर महिन्याच्या भाड्याने मिळणारी खाट, पेटी, मोरी आणि खाली खाणावळ. फुकट नको. आईचे गाळेकरी फुकट राहत नव्हते आणि त्यामुळेच ते आईशी भांडू शकत होते. भाडं मात्र बिगाऱ्याच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीत बसेल इतकंच. आणि भाड्याची पावती हा पत्त्याचा पुरावा म्हणून शिधावाटप कार्यालयापासून बँकेपर्यंत चालायला हवी. ही एक गोष्ट केली तरी निम्म्या उशा उसवून शिवाव्या लागणार नाहीत. कुटुंबांसाठी वेगळ्या खोल्या, त्याच तत्त्वावर. जे कमवू शकत नाहीत, म्हातारे, आजारी, बाळंतिणी, त्यांच्यासाठी फुकट निवारा हवाच. तिथे भाड्याची भाषा करू नये.

टाळेबंदीनंतर, २०२० च्या जुलैत, केंद्राने स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाडेघरांची योजना आणली. त्यात खाटांच्या डॉर्मिटरीचाही समावेश होता. कागदावर मला हवं तेच. लालबाग-परळच्या टापूत त्यातली एकही खाट माझ्या नजरेस पडलेली नाही.

जागा कुठून आणणार, हे लगेच विचारलं जाईल. मी शिक्षिका होते, म्हणून आधी माझ्याच घरचं सांगते. पालिकेच्या मराठी शाळांचा पट घसरत गेला आणि भर वस्तीतल्या शाळांच्या इमारतींत मजलेच्या मजले ओस पडले. बाकं एकावर एक रचून दारांना कुलपं. या इमारतींत पाणी आहे, संडास आहेत, जिने रुंद आहेत, आणि टाळेबंदीत याच शाळांतून रस्त्यावरच्या माणसांना ठेवलं होतंच. मुलं शिकतात त्या मजल्यांना हात लावू नका, जिना वेगळा करा, पण बंद मजले खाटांसाठी द्या. शाळेत मुलं परत आली तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. तोवर त्या वर्गांत माणसं झोपली तर सरस्वती कोपणार नाही. गिरण्यांच्या आणि बंदराच्या जमिनींवर जे उभं राहायचं आहे त्यात टक्का-दोन टक्के क्षेत्र खाटांसाठी राखावं. गावांच्या मंडळांकडे, क्लबांकडे ज्या खोल्या अजून आहेत त्यांना दुरुस्तीला अनुदान आणि मालमत्ता करात सूट द्यावी. तिथे अट एकच, आपल्या जातीच्या माणसालाच घेणार असं चालणार नाही.

१९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आपल्याकडे अजून आहे. उदरनिर्वाहाचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी भटकतोय, एवढ्यावरही माणूस त्यात सापडतो आणि वर्षभर ते तीन वर्षं डांबला जाऊ शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातली शिक्षेची कलमं रद्द केली. मूळ कायदा मुंबईचा; आपण मागे का?

शेजारीण म्हणते, 'बाई, तुम्ही म्हणता ते खरं, पण त्यातले निम्मे दारू पितात.' पितात. आमच्या बिल्डिंगीतही पितात. त्यांना लोटून घ्यायला दार आहे, म्हणून ते फुटपाथवरून जाणाऱ्यांना दिसत नाहीत.

२०२७ च्या फेब्रुवारीत पुन्हा शिरगणती आहे. या वेळी मोबाइलवर, आणि ज्याला हवं त्याने स्वतःच माहिती भरायची सोयही आहे. ज्याचा फोन दुकानदाराकडे चार्जिंगला असतो तो काय भरणार? २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशातले एकूण बेघर १९ लाखांवरून पावणेअठरा लाखांवर आले, पण शहरांतले ७ लाख ७९ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेले. हे आकडेही एका रात्रीत, दमलेल्या शिक्षकांनी केलेल्या मोजणीतले. त्या रात्री जो हॉटेलात भांडी घासत होता, जो वॉचमन म्हणून दुसऱ्याच्या गेटवर होता, जी बाई पोलिसांच्या धाकाने आडोशाला गेली होती, ते सुटले. या वेळी तरी आठ-दहा दिवस आधी दिवसाउजेडी जाऊन कोण कुठे झोपतं हे विचारून ठेवावं, आणि वाट दाखवायला तिथल्याच कुणाला रोज देऊन सोबत घ्यावं. मतदार नोंदणीत ही समज आहे. बेघराने अर्ज केला तर मतदान केंद्राचा अधिकारी रात्री जाऊन तो तिथेच झोपतो का ते पाहतो, आणि तसं आढळलं तर पत्त्याचा कागद मागत नाही. निवडणूक आयोगाला जमतं ते शिधावाटपाला का जमू नये? आणि गाव सोडण्याच्या कारणांत 'उपचार' हा पर्याय घालायला हवा. टाटाभोवती किती माणसं उघड्यावर आहेत हे सरकारी कागदावर आलं, की 'इतर' म्हणून बाजूला सारता येणार नाही.

आपल्याला एक विनंती. आपल्या अंकात रक्तपेढ्यांचे नंबर येतात, म्हाडाच्या सोडतीची जाहिरात पान भरून येते. पावसाळा लागण्याआधी एकदा मुंबईतल्या चालू निवाऱ्यांची विभागवार यादी छापा. पत्ता, किती जागा, बायकांना आणि कुटुंबांना घेतात की नाही, सामान ठेवायची सोय आहे का, रात्री किती वाजेपर्यंत दार उघडं असतं, हे सगळं. वार्ताहराला प्रत्येक ठिकाणी रात्री दहानंतर पाठवा आणि मगच छापा. यादी आली की तिच्या झेरॉक्स काढून आमच्या पुलाखाली आणि वाडिया रस्त्यावर वाटायचं काम माझ्याकडे. वाचून दाखवायची वेळ आली तर तेही.

आपली,
एक निवृत्त पालिका शिक्षिका
काळाचौकी, मुंबई - ३३